बांधाला माणूस

आमच्याकडे बहीण सही देते. जमिनीचा व्यवहार ठरला की भाऊ फोन करतो, बहीण बरी साडी नेसून माहेरी जाते, मच्छीचं जेवण जेवते आणि उठायच्या आधी हक्कसोडीच्या कागदावर सही करते. कागदात काय लिहिलंय ते तिने वाचायचं नसतं. सही दिली की माहेर शाबूत. नाही दिली तर गावात तिचं असं नाव निघतं की तिच्या मुलींची लग्नं ठरतानाही कोणीतरी ते उकरून काढतं. माझ्या आत्यांनी सही दिली, चुलतबहिणींनी दिली, मीही याआधी दिली होती आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. वरच्या अंगाची जमीन होती. तिच्यावर आता सात मजली इमारती आहेत आणि तळाला दवाखाने नि मोबाइलची दुकानं.

गेल्या वर्षी होळी झाली आणि भावाचा फोन आला. "बाय, आयतवारी ये. सही द्यावाची हाय."

कशाची ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खाजण तेवढंच उरलं होतं.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर. सवय म्हणून गाव म्हणायचं. रिक्षावाल्याला आता शेजारच्या कॉम्प्लेक्सचं नाव सांगावं लागतं. आम्ही आगरी, भात पिकवणारे आणि मिठागरांवर राबणारे. खाजण म्हणजे खाडीला लागून असलेली सखल भातजमीन. तिच्यात आणि खाडीत एक चिखलाचा बांध असतो, बस. बांधाला एका जागी उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. वीज नाही, पंप नाही, टेंडर नाही. खाजणाच्या मागे, सखलातच, माझ्या भावाने चाळ बांधली आहे, आणि त्या चाळीतल्या टोकाच्या दोन खोल्या माझ्या मैत्रिणीच्या. ती बौद्ध वस्तीतली, मी आगरी आळीतली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिने पालिकेच्या शाळेत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर या खोल्या घेतल्या. तिला खाडीचा वारा हवा होता, आणि माझ्या भावावर तिचा विश्वास होता.

मी स्वतः ठाण्याला घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तेव्हा दुसऱ्याला शिकवायला मी कोण, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आत मीच विचारून घेते. माझ्या गॅलरीतून सकाळी टँकरची रांग दिसते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकर उशिरा का आला यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण तो पाणी कुठून उपसून आणतो हे आजवर एकाही शहाण्याने विचारलेलं नाही. एका उन्हाळ्यात मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की काकी, हा विषय अजेंड्यावर नाही. पुढचा विषय पोहण्याच्या तलावाच्या नव्या फरश्यांचा होता.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं लहानपणी कानीकपाळी ओरडून सांगितलं जायचं. आम्ही पाय पसरले ते खाडीपर्यंत, डोंगरापर्यंत, शहापूर-मुरबाडच्या विहिरींपर्यंत, आणि आता अंथरूण कमी पडलं म्हणून ओरडतोय. हे टिकणार नाही, हे मला कोणा तज्ज्ञाने सांगायला नको. नळ, वीज, रस्ते, भाजी, सगळं एका दोरीवर लटकलंय आणि दोरी विरत चालली आहे. कधी तुटेल ते माहीत नाही. तुटेल हे माहीत आहे, आणि हे माहीत असूनही मी सकाळी शॉवरखाली उभी राहते. माझ्या निराशेत हा भाग सगळ्यात घाण आहे.

तर त्या रविवारी मी गेले. वहिनीने जिताड्याचं कालवण केलं होतं. माझी वहिनी कल्याणची, शहरात वाढलेली, लग्न होऊन आली तेव्हापासून चिखलाला नाक मुरडणारी. तिने नव्या फ्लॅटचा नकाशा मला दाखवला, स्वयंपाकघर पूर्वेला येणार होतं. भाऊ नुसता वाढ म्हणत होता. माझा भाऊ वाईट माणूस नाही. सत्तरीला टेकलाय, साखर आहे, खाजणात वर्षानुवर्षं दाणा पिकला नाही, आणि बिल्डरला सगळं खाजण एकत्रच हवं होतं. आमच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना भाऊबंदांचे पट्टे. सगळ्यांच्या बहिणींनी सह्या देऊन झाल्या होत्या. अडलं होतं ते माझ्यापाशी.

मी म्हणाले की पावसात आख्ख्या डोंबिवलीचं पाणी उतरून या खाजणात येऊन बसतं. ते भरलंत तर पाणी कुठे जाईल? भाऊ म्हणाला, गटारं करणार आहेत. मी म्हणाले, गटार पाणी नेतं, पण न्यायचं कुठे? तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद परत पिशवीत घातला आणि हात धुवायला उठला. निघताना वहिनीने डबा दिला नाही. माहेरून रिकाम्या हाताने परत यायची माझी ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगते, दिवा स्टेशन येईपर्यंत मला त्या डब्याचंच वाईट वाटत होतं.

घरी माझे यजमान म्हणाले, एका खाजणाने जग वाचणार आहे का? मी म्हटलं, नाही. मग कशाला भावाशी वाकडं घेतेस? वागळे इस्टेटच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य मशिनीवर काढलं, त्यांना कामाला येणारं उत्तर लागतं. मी एवढंच म्हणाले की जग जाऊ दे, ती टोकाच्या खोलीत राहते, तिच्या घरात पाणी जाईल. तेवढं त्यांना पटलं.

सहीशिवाय बिल्डर बांधकाम करणार नव्हता. पण भरणी टाकायला कोणाची सही लागते? चैत्र संपता संपता डंपर लागले. गावातून त्यांना वाट नव्हती, आळी अरुंद, म्हणून ते रेतीच्या धक्क्याकडून थेट बांधावरून यायचे. खाजणात उतरायला उतार हवा, म्हणून भावाने बांध कापला. मैत्रिणीने फोनवर सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आमच्यात माणसं भांडतात, कोर्टात जातात, एकमेकांच्या मांडवात पाय ठेवत नाहीत, पण बांधाला कोणी फावडं लावत नाही. मी जाऊन पाहिलं. डंपर सहज जाईल एवढी फट होती. आत डेब्रिजचे ढीग पडले होते, ठाण्यातल्या पाडलेल्या इमारतींचे. एका ढिगात पिवळ्या-काळ्या ठिपक्यांच्या मोझॅक फरश्या दिसल्या. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या इमारतीत अशाच होत्या, जी पाडून आम्ही घोडबंदरला गेलो. आमच्याच होत्या असं नाही. तशा शेकडो इमारतींत होत्या. तरी मी चपलेच्या टोकाने एक उलटी केली आणि लगेच तिथून निघाले.

पावसाळा तोंडावर आला तसे डंपर थांबले. भावाने ती फट बुजवली, पण कशाने? डेब्रिजने. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाने हे करावं याचं मला अजून नवल वाटतं. विटांचा चुरा पाणी धरत नाही. बांधाला खाजणाचाच चिखल लागतो, बूड पोखरू नये म्हणून लांबून आणलेला, पायाने तुडवलेला. हे आमच्या घरात जेवता जेवता कळायचं, भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो विसरला नव्हता. त्याला वाटलं, एका पावसापुरतं तर आहे, पुढच्या वर्षी सगळंच भरायचंय.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला दुपारी खांड पडली. बांध फुटून पाणी आत घुसतं त्याला आमच्याकडे खांड पडणं म्हणतात. डेब्रिजने बुजवलेली जागा होती तिथूनच फुटला, आणि वरून पाऊस. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती स्टुलावर उभी होती. मी पोचेपर्यंत ओहोटी लागली होती. तिच्या दोन्ही खोल्यांत चिखल, फ्रीज आडवा, गाद्या फुगलेल्या. पुस्तकं आणि बुद्धाची मूर्ती तिने आधीच माळ्यावर टाकली होती. ती दारात बसून बादलीने पाणी बाहेर फेकत होती आणि मी दिसले तरी थांबली नाही.

मी पदर खोचून तिच्या शेजारी बसले. पाणी फेकता फेकता मी म्हणाले की दादाने बांध कापला नसता तर हे झालं नसतं. तेव्हा तिने बादली खाली ठेवली.

"अगं, तू सही का देत नाहीस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, बिल्डर चाळीला नव्या इमारतीत खोल्या देणार आहे, तिसऱ्या मजल्याच्या वर. सगळ्यांना सांगून झालंय. तुझ्या एका सहीसाठी सगळं अडलंय. मी म्हणाले, मी तुझ्यासाठीच थांबवलंय, भरणी झाली तर तुझी चाळ खड्ड्यात जाईल. ती हसली. "माझ्यासाठी? तुझ्या खाजणासाठी मी पाण्यात राहू का?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही उधाण होतं. त्या दोन्ही दिवशी पाणी आलं. भाऊ आला, चाळीतल्या लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की आता भरणीशिवाय इलाज नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याने खांड पाडली त्यालाच आता सोडवणारा म्हणून लोक बघत होते, आणि तसं बघण्यात त्यांची काही चूक नव्हती. खारं पाणी तुमच्या पिठाच्या डब्यात शिरलं की तुम्ही पुढच्या वीस वर्षांचा विचार करत नाही, कोरडी जमीन कोण देतो तेवढंच बघता. मला वाटतं सगळं असंच बुडणार आहे. कोणी वाईट असेल म्हणून नाही. आज घर कोरडं हवंय, म्हणून.

मग मी ते बोलून गेले. आधी ठरवलं नव्हतं.

"आधी बांध बांध, दादूस. मंग सही."

भाऊ म्हणाला, "बांध कोन बांधनार? कोनाला टाइम हाय आता?"

मी म्हणाले, मी माणसं बोलावते.

आमच्या लहानपणी खांड पडली की आमचे बाबा आळीतून ओरडत जायचे, "बांधाला मानूस द्या". प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. बाप्या, बाई, जे घरात असेल ते. सुतक असो, भांडण असो, माणूस द्यायचा. नाही दिला तर कोणी काही बोलायचं नाही, पण त्या घरच्या लग्नात मांडवाचे बांबू उचलायला कोणी जायचं नाही. त्या काळाचे मी गोडवे गात नाही. चिखलाने पायाची बोटं सडायची. बौद्ध वस्तीतले लोक बांधाला यायचे, त्यांच्या हातचा चिखल चालायचा, आणि दुपारी जेवायला मात्र त्यांना वेगळं बसवायचे. मैत्रिणीने मला हे अनेकदा ऐकवलंय. तुमच्या बांधाचं कौतुक मला सांगू नकोस, म्हणायची. तिचं बरोबर आहे. पण बांध उभा राहायचा, आणि तो राहायचा म्हणून तिच्याही वस्तीत पाणी जायचं नाही, हेही तितकंच खरं.

मी दारोदार फिरले. आळीत बहुतेक ठिकाणी लिफ्ट आहे आता. बेल वाजवायची, आतून कुत्रा भुंकायचा, मग कोणीतरी पुतण्या नाहीतर भाचा दार उघडायचा. मी म्हणायचे, अष्टमीला सकाळी बांधाला माणूस द्या. भांग असतो तेव्हा, म्हणजे भरती मोठी चढत नाही, तेव्हाच खांड बांधता येते. आधी त्यांना वाटायचं मी वर्गणी मागतेय. मग मी म्हणायचे, बांध झाला की मी सही देणार. तेव्हा ते बसा म्हणायचे.

अष्टमीला सगळे आले. एकूण एक घर. भावाने आदल्या दिवशी जेसीबी लावून पाहिला होता, तो चाकापर्यंत रुतला आणि त्याला ओढायला दुसरा आणावा लागला, त्यावर आळी पोट धरून हसली होती. म्हणून आता हाताने. गळ्यात सोन्याची चेन घातलेले, जिममध्ये दंड फुगवलेले पोरगे गुडघाभर चिखलात उतरले. त्यांना घमेलं कसं पुढे द्यायचं ते कळेना, मग म्हातारे ओरडू लागले, आणि म्हाताऱ्यांना ओरडायला मिळालं म्हणून ते तरुण झाले. चाळीतले उत्तर भारतातले भाडेकरू आले, बौद्ध वस्तीतून माणसं आली. आधी फटीतलं सगळं डेब्रिज उपसून काढलं. मग चिखल, हातोहात, आणि वर माणसं ओळीने तुडवत उभी. कोणीतरी लग्नातला धवला म्हणायला लागलं आणि बाकीच्यांना शब्द येत नसताना ते नुसते हं हं करत राहिले. दुपारी सगळे बांधावरच एका ओळीत जेवायला बसले. मी मुद्दाम पाहिलं, वेगळं कोणी बसलं नव्हतं. माझी मैत्रीण माझ्या भावाच्या शेजारी बसली होती आणि त्याला साखर असताना भात किती खातोस म्हणून दटावत होती.

भरती आली. सगळे उठून उभे राहिले. पाणी बांधाला लागलं, चढलं, थांबलं आणि मागे सरकलं. उघाडीचं दार मिटल्याचा आवाज आला. भाऊ म्हणाला, "बाबाचा बांध हुबा रायला, बाय." त्याचे डोळे भरले होते, माझेही.

मी रडले ते आनंदाने असं सगळ्यांना वाटलं. थोडं खरं होतं. एका दिवसात झालं होतं सगळं. पैसा नाही, सरकार नाही, यंत्र नाही. जे कधीच होणार नाही असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत होते, की आपल्या लोकांना एकत्र येऊन काही राखता येणार नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, आणि ते झालं होतं कशासाठी तर त्याच खाजणाची भरणी करण्यासाठी. एवढी हताश मी त्याआधी कधी झाले नव्हते. माणसांना जमत नाही, तोवर निदान आशा धरता येते की कधीतरी जमेल. जमतं हे दिसलं आणि कशाच्या लालचेने जमतं तेही दिसलं, मग उरलं काय?

रविवारी सही होती. मी बरी साडी नेसले. पुन्हा कालवण, पुन्हा नकाशा. कागद पुढे आला, पेन आलं. मी सगळा आठवडा त्याचाच विचार करत होते. शब्द मोडला तर आळीत पुन्हा माझ्या हाकेला कोणी येणार नाही. पाळला तर ज्याच्यासाठी हाक द्यायची तो बांधच राहणार नाही. दोन्हीकडून मी संपलेली. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, मी सही देत नाही.

मी त्यांना फसवलं. दुसरा शब्द नाही त्याला. सगळ्या आळीला चिखलात उतरवून मी शब्द फिरवला. मला लाज वाटते आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

वहिनी ताट उचलून आत गेली. भावाने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "तू माना गावान तोंड दाखवाला ठेवला नाय." आवाज चढवला नाही. मी पायात चपला घातल्या तेव्हा तो तसाच बसला होता.

त्यानंतर माहेरचा फोन आला नाही. गणपतीला बोलावणं नाही, नवरात्राला नाही. बिल्डर शेजारच्या गावाकडे वळला, तिथलं खाजण आमच्यापेक्षा मोठं आहे आणि तिथल्या सगळ्या बहिणींनी सह्या दिल्या आहेत. म्हणजे तिथलं पाणी उद्या आमच्याकडेच येणार. मैत्रिणीने खोल्यांना कुलूप लावलं आणि ती बदलापूरला लेकीकडे राहायला गेली. जाताना मला फोन केला, एवढं मात्र केलं. म्हणाली, मी रागावले नाही, मी थकले. रागावली असती तर मी भांडले असते. थकलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि तिच्यासाठी मी हे केलं असं आता मला स्वतःलाही सांगता येत नाही.

दिवाळी आली. भाऊबीज दर वर्षी उधाणातच येते, अमावास्येनंतरची बीज ना ती. आमच्या खाडीकाठच्या बायकांना हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात दिवसाचं उधाण मोठं असतं, थंडीत रात्रीचं. बोलावणं नव्हतं, तरी माझे पाय घरी राहीनात. यजमान म्हणाले, जाऊन काय करणार? मी म्हटलं, बांध बघून येते.

सकाळी पोचले. ओहोटी होती. नव्या बांधाला, आम्ही जोडलेल्या जागेलाच, खालून पाझर सुटला होता. रात्रीच्या भरतीला आत शिरलेलं पाणी मनगटाएवढ्या धारेने परत खाडीत जात होतं आणि आजूबाजूचा चिखल हळूहळू सुटत होता. दुपारची भरती कदाचित निघाली असती. रात्रीची निघाली नसती. मी आळीत गेले. बाबांसारखं ओरडायची मला लाज वाटत होती, तरी ओरडले. "बांधाला मानूस द्या." दारात रांगोळ्या, आत टीव्ही. बायका भावांना ओवाळत होत्या. एका खिडकीचा पडदा हलला आणि परत बसला. मी सगळी आळी फिरले, माझ्या भावाच्या दारावरूनही गेले. दार उघडं होतं. तो सोफ्यावर बसलेला दिसला, त्यानेही मला पाहिलं. मी थांबले नाही.

चाळीत मात्र दोन भाडेकरू बाहेर आले. त्यांना बांध म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, पण आषाढात त्यांच्या घरात पाणी गेलं होतं. त्यांनी फावडं आणि दोन घमेली आणली. आम्ही तिघं उतरलो. एवढ्याने काही होणार नव्हतं, अष्टमीला आख्खी आळी होती. मी साठीची बाई, दहा घमेल्यांत मला धाप लागली. मी स्वतःशीच शिव्या घालत होते, आळीला, भावाला, मलाच.

चपलांचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. वहिनी बांधावर उभी होती. भाऊबिजेची जरीची साडी, हातात घरचं घमेलं. मला वाटलं, ही आता इथे भांडणार. ती इकडेतिकडे बघत होती, कुठे पाय ठेवावा ते तिला कळत नव्हतं. मग तिने चपला काढल्या.

"ताई, घरातून एक माणूस द्यायचा असतो ना. ते येणार नाहीत. मी आलेय."

त्याने पाठवलं की ती आपणहून आली, मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती चिखलात उतरली, लग्नानंतर पहिल्यांदा. दुपारच्या भरतीला फार वेळ उरला नव्हता, खाडीचं पाणी फिरायला लागलं होतं. आम्ही आता चौघं होतो. तिने घमेलं पुढे करून विचारलं की चिखल कुठला घ्यायचा, आणि पायाशीच, बांधाच्या बुडाशी फावडं घातलं, कारण तोच हाताशी होता.

मी तिचा हात धरला. म्हणाले, बुडाचा काढू नको, वहिनी. लांबून आणायचा.